धारजाईच्या साडीची घडी

वडगाव, बेळगाव
फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८५९

प्रिय जयू,

आप्पाचे अनेक आशीर्वाद. खरं तर पत्राच्या डोक्यावर 'चि. सौ. जयवंताबाई' असं लिहायला हवं. तू आता निपाणीकरांची सून. पण जी पोर माझ्या सुतानं भरलेल्या कांड्या पळवायची आणि ओरडलं की मागाच्या खड्ड्यात उडी मारून लपायची, तिला सौभाग्यवती लिहायला माझा हात अजून धजत नाही. तुझं पत्र पोचलं. शाळेत शिकवणाऱ्या आपल्या मालुबाईकडून ते वाचून घेतलं. तिनं दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुझ्या रागाच्या जागी बरोबर आवाज चढवला, त्यामुळे तुझा राग पुरेपूर पोचला असं समज. माझ्या ओळी वाकड्या गेल्या तर टाकाला दोष दे.

तू विचारतेस, जावईबापूंचे दोन्ही गुडघे सोलून निघाले ते खानापूर स्टेशनात पाय घसरून, हे खरं का? खरं नाही. पण त्यांच्यावर डाफरू नकोस. ते गुडघे माझ्यापायी सोलले आणि माझी अब्रू राखायला त्यांनी स्टेशनावर आळ घातला. परवा ते वखारीच्या कामानं बेळगावला आले तेव्हा मीच म्हणालो, की जयूला सगळं सांगून टाका. तर मान खाली घालून म्हणाले, "आप्पा, तुम्हीच लिवा. मला सांगाय जमायचं न्हाय." म्हणून बसलोय लिहायला. तुझी आई पलीकडे चुलीशी आहे आणि 'एवढं काय लिहिताय' असं अधूनमधून विचारतेय.

पहिली गोष्ट आधी सांगतो, कारण ती आपल्या आळीतल्या अप्पासाहेब विणकरांच्या निपाणीच्या बहिणीनं तुझ्या कानावर घातली असणारच. यंदा माघी पौर्णिमेला धारजाईला आपली साडी पोचली नाही. आम्ही तिच्या सुळक्याकडे जाणाऱ्या अरुंद डोंगरधारेवरूनच परत आलो. माझ्या आज्यापासून चालत आलेला मान, आणि तो माझ्या हातून एक वर्ष चुकला. आपल्या आळीचा रिवाज तुला ठाऊक आहे. एक वर्ष चुकलं तर देवी समजून घेते, लागोपाठ दुसरं चुकलं तर मान दुसऱ्या घरी जातो. तो जाणार अप्पासाहेबांकडे. माणूस वाईट नाही, दोन धट्टेकट्टे मुलगे आहेत, सगळं आहे. पण काठाला असला भडक जांभळा रंग घालतो की देवी डोळे मिटून घेईल. तेव्हा येत्या माघी पौर्णिमेला आपल्या घरातलं कुणीतरी वर पोचलं पाहिजे, नाहीतर संपलं. मला ते संपायला नको आहे, हे मी तुझ्यापाशी उघड बोलतो.

तू एकदाच आली होतीस बघ माझ्याबरोबर. परकर नेसत होतीस. जांबोटीपर्यंत सर्विसच्या मोटारीत तुला उलट्या झाल्या आणि पुढं कणकुंबीपर्यंत बैलगाडीत तू झोपलीस. आईनं बजावलं होतं, पोरीला धारेच्या तोंडाशी बसवा, पुढं नेऊ नका. मी नेलं. पहिली पायरी ओलांडून घोडीच्या दगडापर्यंत तू माझ्या पुढं चालत गेलीस. डाव्या हाताला आपलं रान, उजव्या हाताला एकदम कोकण, खाली माडांची टोकं हरळीसारखी दिसणारी. मोठमोठे बाप्ये तिथं ओणवे होतात. तू सरळ उभी राहून मला विचारलंस, "आप्पा, खालची माणसं आपल्याला बघत असतील का?" आणि मग गुरवाच्या मष्णूनं 'मागं' म्हटल्यावर एक शब्द न बोलता वळलीस. घरी कुठली गोष्ट तू पहिल्या हाकेला ऐकली नाहीस, तिथं मात्र ऐकलीस. मष्णू त्या दिवशी मला म्हणाला होता, ही चढणारी हाय. चढणारा म्हणजे वर जाणारा नव्हे, सांगितल्यावर वळणारा, असा त्याचा हिशेब असतो.

त्या धारेचे नियम मी तुला तेव्हाच शिकवले होते, पण लग्न झाल्यावर माणूस बरंच विसरतं, म्हणून पुन्हा लिहितो. फटफटल्यावर निघायचं, पण धारेवर पाय ठेवायच्या आधी तोंडाशी बसून घाम वाळू द्यायचा. वाऱ्याला पाठ देऊन एक पान खायचं. पान संपेस्तोवर खांद्यावरचा पंचा उडत राहिला तर त्या दिवशी जायचं नाही. वहाणा खालीच. धारेवर दोन हात आणि दोन पाय यांतलं एकच काही हलवायचं, बाकी तिन्ही दगडाला चिकटून. गवताला धरायचं नाही, ते कितीही मायेनं पुढं आलं तरी. घोडीवर, म्हणजे जिथं दोन्ही बाजू तुटलेल्या आहेत आणि मधला दगड घोड्याच्या पाठीसारखा आहे तिथं, उभं राहून शौर्य दाखवायचं नाही. दोन बाजूंना दोन तंगड्या टाकून बसायचं आणि बसूनच सरकायचं. माझा बाप तसाच गेला, मी तसाच गेलो, धोतर फाटलं तर फाटलं. कोकणातून धुकं वर चढायला लागलं की देवी हाताच्या अंतरावर असली तरी फिरायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम, 'मागं' हा शब्द. धारेवर कुणीही तो उच्चारला, अगदी पहिल्यांदा आलेल्यानंही, तरी सगळ्यांनी वळायचं. का, कशाला, हे खाली उतरल्यावर विचारायचं. वर वाद नाही.

आता यंदाचं. साडी चांगली झाली होती, हे आधी ऐकून घे. हिरव्या अंगाची, तांबड्या रेशमी काठाची, आणि पदराला मी थोडी जास्तच नक्षी घातली होती. साडी वर न्यायची ती कोऱ्या घडीनं. घडी मोडायची ती फक्त देवीनं, म्हणजे मष्णूनं तिच्या अंगावर नेसवताना. घडी मोडलेली साडी धारजाईला चालत नाही. उष्टा नैवेद्य जसा चालत नाही तसंच ते. माझा गुडघा हल्ली कुरकुरतो, आणि आणखीही थोडं काही आहे, ते पुढं लिहितो. म्हणून यंदा साडी जावईबापूंच्या पाठीवर दिली. पंचांनीही मान्य केलं, मुलगा नसला तर जावई घरचाच. जोतिराम कसे आहेत ते तुला सांगायला नको. वखारीत दिवसभर तंबाखूच्या गड्ड्यांशी बोलतील तेवढेच. कणकुंबीपर्यंतच्या सबंध वाटेत ते मला एकच वाक्य बोलले, "आप्पा, भूक लागली काय?" मला वाटलं, हा माणूस धारेवर काय करणार.

पंचा हलला नाही. आकाश धुतल्यासारखं. पुढं मष्णू, मधे मी, मागं जोतिराम, असे निघालो. पायरी झाली. घोडीवर बसलो, सरकलो. घोडी संपते तिथं उतरताना उजव्या अंगाला एक वीतभर कंगोरा आहे, त्यावर पाय टेकून उभं राहायचं. इतकी वर्षं मी तो न बघता टेकवत आलोय. यंदा मी बघून टेकवला आणि तो कंगोरा नव्हता, ती सावली होती. मी छातीपर्यंत खाली गेलो, जयू. दोन कोपरं दगडावर अडकली आणि पाय मोकळ्या हवेत. घाबरू नकोस, लिहितोय म्हणजे आहे. मष्णू पुढं निघून गेलेला, त्याला त्या अरुंद जागी वळायलाच वेळ लागणार. मी मान वर करून बघतो तर तुझा नवरा घोडीवर बसलाय, गुडघे दगडाला असे दाबून धरलेत की धोतरावर रक्त उमटलंय, आणि पाठीवरचं गाठोडं पुढं घेऊन सोडतोय. मला कळलं तो काय करणार. आणि तुझ्या बापाच्या तोंडून, खाली अख्खं कोकण उघडं असताना, काय निघावं? मी ओरडलो, "आरं घडी मोडू नगंस! जोत्या, घडी मोडू नगंस!"

जावयाला मी जन्मात पहिल्यांदा अरेतुरे केलं. आणि त्यांनीही जन्मात पहिल्यांदा मला उत्तर दिलं. अगदी थंडपणे म्हणाले, "आप्पा, गप बसा." मी गप बसलो. बसलो कसला, लोंबकळत होतो. त्यांनी साडी झटकून मोकळी केली, दुहेरी केली, पीळ घातला, माझ्या दोन्ही बगलांखालून घेतली आणि टोकं स्वतःच्या कमरेभोवती आवळली. तेवढ्यात मष्णू पलीकडून येऊन पोचला, त्यानं माझं मनगट धरलं. दोघांनी मिळून मला पोत्यासारखं घोडीवर ओढून घेतलं. आणि खरं सांगू? ओढत असताना माझ्या डोक्यात एकच, की ताण काठावर आलाय का अंगावर. काठावर आला होता. काठ जरासुद्धा फिसकटला नाही. वडगावात असा काठ विणणारा दुसरा दाखव म्हणावं.

आम्ही तिघं त्या दगडावर एकामागं एक बसलो होतो. मला दम लागलेला, पण मन पुढंच धावत होतं. वरचा सुळका समोर दिसत होता, दिवस स्वच्छ होता. मी म्हणालो, घडी मोडली तर मोडली, देवीच्या पायावर नुसती ठेवून येऊ.  तेव्हा जोतिराम म्हणाले, "मागं." बस्स, तेवढंच. पहिल्यांदा धारेवर आलेला माणूस, वयानं लेकरासारखा, त्यानं माझ्यासारख्याला परत फिरवलं. मी तोंड उघडलं होतं, पण रिवाज तो रिवाज. मिटलं आणि वळलो. परत येताना घोडीवर त्यांनी ती साडी माझ्या कमरेला बांधूनच ठेवली होती आणि माझं प्रत्येक पाऊल स्वतःच्या हातानं दगडावर नेऊन ठेवत होते. आम्ही पायरीशी पोचतोय तोवर धुकं आलं आणि सुळका, घोडी, सगळं पुसून गेलं. पुढं गेलो असतो तर त्या धुक्यात मधेच सापडलो असतो.

कणकुंबीला मष्णूच्या घरी आम्ही नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं खाल्लं. इतकं गोड जेवण मी तुझ्या लग्नातही जेवलो नाही, आणि तुझ्या लग्नात तर मांडे होते. मी हसत होतो, मष्णू हसत होता, जोतिराम गुडघ्यांना हळद लावत होते. साडीचं काय करायचं हा प्रश्न होता. मष्णूची सून बाळंतीण होती, पहिली मुलगी. तिच्या ओटीत घातली. ती पोर साडीवर हात फिरवत म्हणाली, "लई मऊ हाय वो, आप्पा." मला फार बरं वाटलं. देवीनं कधी असं तोंडानं सांगितलं नव्हतं.

इथं आळीत मात्र चार दिवस गाजलं. जावयानं देवीच्या साडीची घडी मोडली, जावयाला 'मागं' म्हणायचा काय अधिकार, असं पारावर चाललं होतं. मी गेलो आणि सांगितलं, की ज्याला जावयाचं चुकलं असं वाटतं त्यानं धारेवर माझ्या जागी लोंबकळून दाखवावं, मी वरून घडी सांभाळत बसतो. अप्पासाहेबसुद्धा हसले. तुझ्या आईनं तर वेगळंच काढलं. ती म्हणाली, "लेक दिलेला जावाई गेला असता, माझं कुकू गेलं असतं, आन ह्यांची घडी ऱ्हायली असती!" मग डोळे पुसून दुसऱ्या वाटेला लागली, "बाप्ये जाऊन देवीला साडी नेसवतात. निऱ्या तरी धड काढता येतात का कुणाला?" मी आजवर असा विचारच केला नव्हता. जयू, तुझा नवरा कमी बोलतो म्हणून तू मागं दिवाळीला कुरकुरली होतीस. मी तेव्हा तुझीच बाजू घेतली होती. आता घेणार नाही. बोलायच्या जागी तो बरोबर बोलतो, आणि त्याला तू माझा मुलगा समजून चार घास जास्त वाढ.

आता ते 'आणखी थोडं काही'. सावलीला मी दगड समजलो, ते काही उन्हामुळं नाही. गेल्या पावसाळ्यापासून उजव्या डोळ्यापुढं तलम कापड धरल्यासारखं दिसतं. तुटलेला धागा मी हल्ली बोटांनी शोधतो. कणकुंबीहून आल्यावर जोतिराम काही न विचारता मला बेळगावच्या दवाखान्यात घेऊन गेले. पावलं हातानं ठेवताना त्यांना कळलंच असणार. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू, दोन्हींत. उजवा पिकतोय, डाव्याला वेळ आहे, पिकल्यावर काढून बघू, पण पूर्वीसारखं होईल असा भरवसा देत नाही. आईला मी अजून बोललो नाही. तिला मीच सांगेन, तू घाई करू नकोस. मला त्याचं फारसं दुःख नाही, पोरी. माग माझ्या पायांना आणि बोटांना पाठ आहे, धोटा अंधारातही हातात येतो. फक्त धारेला डोळे लागतात.

म्हणून हे पत्र. येत्या माघी पौर्णिमेला साडी तू घेऊन जावीस, असं मला वाटतं. जावईबापूंनी नाही, तू. ही माझी एकट्याची लहर समजू नकोस. बाईमाणसानं धारेवर यावं का, हे मी मष्णूला भाकरी खातानाच विचारलं होतं. तो म्हणाला, त्याची आजी जिवंत होती तोवर साडी नेसवायला तीच चढायची. तिच्यानंतर घरात तशी कुणी निघाली नाही म्हणून बाप्ये जायला लागले, एवढंच. पंचांना मी विचारलं. ते म्हणाले, दिलेली लेक घरची कशी? तेव्हा जोतिराम पारावर उभे राहिले आणि म्हणाले, "जावाई घरचा हुतो, तर लेक कशी न्हाय हुईत?" पंचांनी ते मान्य केलं. तुझ्या सासूबाईंचं ते बघतो म्हणालेत. दिवाळीनंतर इथं ये, येळ्ळूरच्या गडावर मी तुला रोज चढ-उतार करायला लावीन, पायांना दगडाची ओळख पुन्हा झाली पाहिजे. तुझ्यावर जबरदस्ती नाही. मान टिकावा असं मला फार वाटतं, ते मी लपवत नाही. पण वाऱ्याचं, धुक्याचं, तुझ्या पायांचं काही मनासारखं नसेल तर फिर, आणि मान जाऊ दे अप्पासाहेबांकडे, मी त्यांच्या जांभळ्या काठालाही हात जोडीन. आणि सगळं जमलं, तू वर पोचलीस, घडी मोडून तिला नेसवलीस, तर उतरायची घाई करू नकोस. क्षणभर लांब उभी राहून नीट बघून घे. मी धारेच्या तोंडाशी बसलेला असेन. मला तोवर वरचं काही दिसेल असं वाटत नाही. इतकी वर्षं मी घरी येऊन तुम्हा दोघींना सांगायचो, यंदा देवी कशी दिसत होती. आता तू खाली आलीस की मला सांग.

तुझाच,
आप्पा